वास न येणारी प्लेट

आमच्या लॅबमध्ये नवा माणूस आला की तात्या त्याला पहिल्याच दिवशी सांगायचे, "बाईंच्या नाकासमोर थापा मारायच्या नाहीत. तिथं जिवाणू पकडला जातो, तू कोण लागून गेलास?"

तात्या हे लॅबमधले सगळ्यात जुने सहायक. आणि बाई म्हणजे आमच्या पशुरोग प्रयोगशाळेच्या प्रमुख. जनावरांच्या डॉक्टर होऊन पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात गेलेल्या. बाहेरचे लोक त्यांना मॅडम म्हणत, आतले सगळे बाई. मी तिथं यंत्रं सांभाळायला लागलो. इनक्युबेटरची ऊब बरोबर आहे ना, सेफ्टी कॅबिनेटमधली, म्हणजे धोक्याचे नमुने हाताळायच्या काचेच्या कपाटातली, हवा आतच खेचली जाते ना, जिवाणूंची नावं सांगणारं नवं यंत्र रुसलं तर नाही ना, एवढंच माझं काम. जिवाणूंशी माझी ओळख काचेपलीकडूनच.

त्यामुळे बाईंना पहिल्यांदा प्लेटचा वास घेताना पाहिलं तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला होता. प्लेट म्हणजे काचेची चपटी डबी, तिच्यात जेलीसारखा थर आणि त्या थरावर वाढलेले जिवाणू. बाईंनी झाकण जरासं उचललं, दुसऱ्या हातानं त्यावरची हवा नाकाकडे लोटली आणि म्हणाल्या, "हा पिकल्या द्राक्षांचा. कानाच्या पूवाचा नमुना असेल." होताच. एका जिवाणूला त्यांना ओल्या मातीचा वास यायचा, एकाला उंदराच्या बिळाचा. यंत्राला जे नाव सांगायला दुसरा दिवस उजाडायचा, ते बाई चहा गार व्हायच्या आत सांगायच्या. जुन्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ही सवय होती म्हणे. बाईंनी ती त्यांच्या गुरूंकडून घेतली होती, आणि आमच्या अख्ख्या लॅबनं बाईंकडून.

बाईंचे वडील दूध संकलन केंद्रावर दुधाची फॅट तपासायचे, त्यामुळे परीक्षानळ्या त्यांनी भातुकलीच्या वयातच हाताळल्या. पशुवैद्यकीय कॉलेजात वर्गात मुली दोनच. एका सरांनी विचारलं, "गाय आडवी झाली तर उचलणार कशी?" या म्हणाल्या, "सर, तुम्ही एकटे उचलता?" पुढे वर्षभर त्या सरांनी त्यांना प्रत्येक आडव्या गायीपाशी नेलं. बाई अजून म्हणतात की त्या वर्षी जेवढं शिकले तेवढं पुढे कधी शिकले नाही.

पहिली नोकरी पिसाळलेल्या कुत्र्यांच्या विभागात. चावणाऱ्या कुत्र्याचं डोकं बर्फाच्या डब्यात यायचं आणि ज्याला ते चावलं तो बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा. लस टोचायला सुरुवात झालेली असायची, पण त्या माणसाला उत्तर हवं असायचं. उत्तर सांगायला शिपाई पाठवायची पद्धत होती. बाई स्वतः बाहेर जायच्या, त्या माणसाशेजारी बसायच्या आणि काय दिसलं ते सरळ सांगायच्या. गोल गोल बोलायच्या नाहीत.

मग ताप. शहरातल्या मोठ्या इस्पितळात काही माणसं वर्षभर चढउताराचा ताप आणि कंबरदुखी घेऊन यायची. त्यांना क्षयाची औषधं चालू होती, गुण येत नव्हता. बाईंच्या लक्षात आलं की ही माणसं ज्या वस्त्यांमधली, तिथल्याच गोठ्यांमधल्या गायी गाभडतायत, म्हणजे गर्भ अर्धवट टाकतायत. बाई नमुन्यांची पेटी घेऊन इस्पितळात गेल्या. तिथले मोठे फिजिशियन म्हणाले, "बाई, इथं माणसं येतात. गुरांचा दवाखाना पलीकडच्या रस्त्याला."

"माहीत आहे. तिथूनच आले," बाई म्हणाल्या. "तुमच्या माणसांचा ताप तिथूनच आलाय का, एवढं विचारायचंय. बसायला वेळ नाही."

रक्तात काही उगवत नाही, असं इस्पितळाचं म्हणणं होतं. हा जिवाणू फार हळू वाढतो, तुम्ही बाटल्या लवकर टाकून देताय, असं बाईंचं. शेवटी फिजिशियनसाहेबांनी चिडून काही बाटल्या ठेवू दिल्या. सगळ्यांना त्यांचा विसर पडल्यावर त्यात तो उगवला. ब्रुसेला त्याचं नाव. तेव्हापासून माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर दर गुरुवारी एका टेबलाशी बसतात, आणि त्या बैठकीत बाईंना खुर्ची द्यायला सगळ्यात आधी तेच फिजिशियन उठतात. किती गोठ्यांत लसी गेल्या, किती घरांत कच्चं दूध पिणं बंद झालं, याचा हिशेब बाईंकडे नाही. विचारलं तर म्हणतात, "जो ताप आलाच नाही, तो मोजणार कसा?"

आता सूनबाई. बाईंच्या मुलानं लग्न केलं ते बाईंच्याच विद्यार्थिनीशी. ती आधीपासून लॅबमध्ये होती, लग्नानंतरही राहिली. सगळे तिला सूनबाईच म्हणायला लागले. ती घरी बाईंना "आई" म्हणायची आणि लॅबच्या दारातून आत आली की "बाई". एकदा घाईत लॅबमध्ये "आई" म्हणाली, तर बाई म्हणाल्या, "इथं आई नाही, इथं चुका काढते ती बाई आहे." सूनबाई म्हणाली, "मग घरी कोण काढतं?" तात्या हसता हसता टेबलाखाली गेले.

बाईंच्या नाकाचा वारसा तिनं पुरेपूर घेतला होता. ती पोटुशी राहिली तेव्हा बाईंनी तिला जनावरं फाडायच्या खोलीत जायला बंदी केली. नमुने मात्र येत होते.

एका गोठ्यात पाठोपाठ गायी गाभडल्या. त्यातल्या एका मेलेल्या वासराच्या पोटातलं पाणी आमच्याकडे आलं. सूनबाईनं ते नियमाप्रमाणे सेफ्टी कॅबिनेटमध्ये प्लेटवर पसरलं. पहिले काही दिवस प्लेट कोरी. मग दवासारखे बारीक ठिपके दिसले. तिनं ते माझ्या नव्या यंत्रात घातले. यंत्रानं नाव सांगितलं मातीतल्या एका निरुपद्रवी जिवाणूचं, तेही छातीठोकपणे, शंभराच्या अगदी जवळच्या टक्क्यांसह.

निरुपद्रवी म्हटल्यावर तिनं प्लेट कॅबिनेटमधून बाहेर उघड्या टेबलावर आणली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला यंत्राचं मागचं झाकण काढून बसलो होतो. तिनं प्लेट उघडली, नाकाशी नेली, पुन्हा नेली.

"तात्या, जरा बघा हो. मला काहीच येत नाहीये. या दिवसांत नाक दगा देतंय की काय."

तात्यांनी वाकून नाक जवळजवळ आतच घातलं. "छे. कसला वास आणि कसलं काय. पाण्याची प्लेट आहे ही."

बाई दारातून येत होत्या. "कशाला वास नाही?"

"ही गोठ्यातली, बाई. मातीतला आहे म्हणतंय यंत्र."

बाई जवळ आल्या नाहीत. होत्या तिथंच थांबल्या. "मातीतल्याला वास असतो," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "गाभडलेलं वासरू ना?"

"हो."

"उगवायला वेळ लागला?"

सूनबाईनं मान हलवली. तिचा हात अजून प्लेटवरच होता.

"झाकण ठेव. हळू. आता बाहेर ये, हात धू, तोंड धू. तात्या, तुम्हीही. आणि तू," हे मला, "यंत्र आहे तसं सोड."

इतक्या हळू आवाजात बाईंना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढचं सगळं बाईंनी स्वतः केलं. अंगभर झगा, दुहेरी हातमोजे, तोंडावर घट्ट मुखवटा, प्लेट पुन्हा कॅबिनेटमध्ये. हवेच्या झोतावर लक्ष ठेवायला मी काचेबाहेर उभा होतो. त्यांनी एका नळीतल्या फिकट पिवळ्या द्रवात त्या ठिपक्यांमधला कण सोडला. द्रवात युरिया असतो. हा जिवाणू युरिया इतका भराभर फोडतो की नळीचा रंग बदलतो. बाकी बहुतेकांना त्याला रात्र लागते. मी हवेचा काटा पाहत होतो, म्हणून सुरुवात माझ्याकडून हुकली. पुन्हा नळीकडे पाहिलं तर तळाशी गुलाबी रंग होता, आणि तो वर चढत होता. कुणी हलवत नव्हतं, ढवळत नव्हतं. डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट आपलं नाव सांगत होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, यंत्र चुकलं?"

"यंत्राला जेवढी नावं शिकवलीत त्यात ब्रुसेला नाही. मग त्यानं त्यातल्या त्यात जवळचं सांगितलं. दोघं चुलतभाऊच आहेत." त्या हातमोज्यांचे वळ पडलेल्या बोटांकडे बघत होत्या. "मी ते सगळ्यांना सांगायला हवं होतं. यंत्र आलं त्या दिवशीच."

त्या दिवसानंतर मी या जिवाणूबद्दल मिळेल ते वाचून काढलं. आपल्या रक्तात जंतूंना गिळणाऱ्या पेशी असतात. हा त्यांच्याच पोटात जाऊन राहतो. पहारेकऱ्याच्या घरात बिऱ्हाड करावं तसा. हवेतून नाकात शिरायला त्याचे मोजके कण पुरतात. प्लेटचा वास घेऊन तो अंगात घ्यायचा, ही चूक जगात फक्त आमच्या धंद्यातली माणसं करू शकतात. आणि गाभण जनावरात तो नेमका गर्भाकडे धावतो.

हे बाईंना वाचावं लागत नव्हतं. त्यांना ते पाठ होतं. त्यांची सून पाचव्या महिन्यात होती.

प्रसूतीच्या डॉक्टरांकडे मीच गाडी नेली. बाईंचा मुलगा शाळेत गणित शिकवतो. तो तिथं आमच्या आधी पोचला होता. सूनबाई आत गेली आणि तो आईसमोर उभा राहिला.

"धोका किती टक्के?"

"टक्के सांगता येत नाहीत."

"तुझं अख्खं आयुष्य यात गेलं आणि टक्के सांगता येत नाहीत?"

"बस आधी. गायीच्या वारेत, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या भागात, एक साखर असते, तिच्या ओढीनं हा जिवाणू तिथं जातो. माणसाच्या वारेत ती नसल्यात जमा. म्हणून बाळ सुरक्षित आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बायकांचेही गर्भ गेलेत. गर्भारपणात चालणारं औषध आहे, ते आजपासून सुरू होईल. मग तिचं रक्त तपासत राहायचं, बाळ येईपर्यंत आणि त्यानंतरही."

तो बसला, पुन्हा उठला. मग म्हणाला, "आई, हे वास घेणं तिला शिकवलं कुणी?"

"मी."

 मुलगा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्यानंतर कित्येक आठवडे तो आईशी कामापुरतंच बोलत होता, हे मला सूनबाईकडून कळलं. "घरात दोघांच्या मधे मी निरोप्या झालेय," ती म्हणाली. "मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांना गोळा केलं. म्हणाल्या, "आजपासून या लॅबमध्ये कुणीही, कसल्याही प्लेटचा वास घ्यायचा नाही. ही सवय माझी. मला तिचा अभिमान होता. तुम्ही सगळ्यांनी ती माझ्याकडून उचललीत आणि त्यात दोन माणसं आणि एक न जन्मलेलं बाळ सापडलं. गाभडलेल्या जनावराचा नमुना कॅबिनेटबाहेर येणार नाही, यंत्रानं काहीही सांगितलं तरी." मग हेच सगळं त्या गुरुवारच्या बैठकीत, इस्पितळाच्या लोकांसमोर, तितक्याच शब्दांत बोलल्या. फिजिशियनसाहेब म्हणाले, "बाई, घरातली गोष्ट चारचौघांत कशाला?" बाई म्हणाल्या, "तुमच्याकडेही तेच यंत्र आहे."

सूनबाई आणि तात्या, दोघांना गोळ्या सुरू झाल्या. रक्ताची पहिली तपासणी निर्मळ आली, पण तिला अर्थ नव्हता. हा जिवाणू दडी मारून बसतो. पुढची तपासणी खरी.

ती करायची कुणी, हा प्रश्न होता. खात्रीसाठी रक्त दुसऱ्या लॅबलाही जाणार होतं, पण तिथून उत्तर यायला वेळ. आमच्याकडे ही परीक्षा वाचणारी सरावलेली माणसं तीनच आणि त्यातल्या दोघांचंच रक्त तपासायचं होतं. बाई म्हणाल्या, "मी वाचते. पण कोणती नळी कुणाची हे मला कळता कामा नये. तात्या, गोठ्यातल्या माणसांचं रक्तही आजच आलंय. सगळं मिसळा, नळ्यांवर नुसती अक्षरं लावा. माझी नजर तिच्या नळीवर गेली तर मला हवं तेच दिसेल."

त्या दिवशी मुलगाही आला. काचेच्या दाराबाहेर उभा राहिला. सूनबाई त्याच्या शेजारी, पोटावर हात ठेवून. माझ्या हातात घड्याळ दिलं होतं.

पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ओळीनं थेंब. प्रत्येक थेंबात कुणाच्या तरी रक्तातलं पाणी आणि गुलाबी रंगवलेले मेलेले जिवाणू. बाईंनी काडीनं एकेक थेंब ढवळला, फरशी दोन्ही हातांत धरली आणि हलकेच झुलवायला लागल्या. रक्तानं तो जिवाणू आधी पाहिला असेल, तर ते त्याला ओळखतं आणि थेंबात दाणे धरतात. पाहिला नसेल तर थेंब दुधासारखा एकसंध राहतो. हे कळल्यापासून मला आपल्या अंगातल्या रक्ताची भीडच वाटते. ते इतकं लक्षात ठेवतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

थेंब झुलत होते. सगळे एकसंध. मग एकाची कड जराशी फाटल्यासारखी झाली. बारीक वाळू टाकावी तसे त्यात दाणे आले, आणि वाढत गेले. मला ते लांबून दिसले. बाईंना नक्कीच आधी दिसले असणार. फरशीची लय मोडली नाही. मी "वेळ झाली" म्हणेपर्यंत त्या झुलवत राहिल्या.

"ग," त्या म्हणाल्या. "ग मध्ये दाणे आहेत, स्पष्ट. बाकी सगळे निर्मळ. ग ज्याची असेल त्याला आजच पूर्ण उपचार सुरू करायचे. दुसऱ्या लॅबला आजच कळवा."

आवाज तोच. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विभागात बाकावरच्या माणसाला असाच आवाज ऐकू येत असेल. त्यांनी फरशी जंतुनाशकात ठेवली, हातमोजे उलटे करून काढले, टाकले. तोवर त्या वळल्या नाहीत. दाराबाहेर मुलानं सूनबाईचा हात धरला होता.

"ग कोण, तात्या?" बाईंनी विचारलं.

तात्या भिंतीला टेकून उभे होते. "मी आहे," ते म्हणाले.

 सूनबाई दार ढकलून आत आली. "तात्या! तुम्हाला माहीत होतं ना? दाणे धरताना तुम्ही बघत होतात. तेव्हाच बोलायचं की."

"बाई वाचत होत्या," तात्या म्हणाले. "मधे बोलून कसं चालेल?"

बाई त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. "तात्या, गोळ्या घेतल्यात का सगळ्या?"

तात्या जमिनीकडे बघायला लागले. "घेत होतो. पण मग... लघवी नारिंगी व्हायला लागली. म्हटलं आतून काहीतरी सुटलं. दिल्या सोडून."

"त्या गोळीनं होतेच नारिंगी. मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"मी तेव्हा चहा सांगायला गेलो होतो."

"माझी पण होत होती," सूनबाई म्हणाली. "मला विचारायचं ना."

"सूनबाई, तुला असलं काही विचारणार होय मी?"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. बाईंनी तात्यांचं मनगट धरलं होतं, नाडी बघावी तसं, पण त्या नाडी मोजत नव्हत्या. "आयुष्यभर माझ्या प्लेटा धुतल्यात," त्या म्हणाल्या, "आणि गोळी गिळता येईना तुम्हाला." त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हाच पाहिले.

तात्यांना पुढे ताप आलाच. चढायचा, घामानं सदरा भिजायचा, उतरायचा. गुडघे धरले. या वेळी गोळ्या बाई स्वतः समोर उभं राहून द्यायच्या आणि तात्या तोंड उघडून जीभ दाखवायचे, शाळेतल्या पोरासारखी. हळूहळू ते सावरले. गोठ्यातली माणसं निर्मळ निघाली. सूनबाईचं रक्त पुन्हा तपासलं, पुन्हा एकसंध. तरी बाई "सुटलो" म्हणाल्या नाहीत.

मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत. बाळाचं आणि आईचं रक्त, वारेचा तुकडा, सगळं दुसऱ्या लॅबला गेलं. उत्तर येईपर्यंत घरी कुणी पेढ्याचं नाव काढलं नाही. मुलानं बायकोला विचारलं, "सगळं नीट निघालं, तर पुन्हा तिथंच जाणार तू?"

"जाणार," ती म्हणाली. "आणि आईंशी तुम्ही आता सरळ बोलायला लागा. मला बाळ सांभाळायचंय, निरोप नाही."

उत्तर आलं तेव्हा बाई लॅबमध्ये नव्हत्या. त्याच गोठ्यात कालवडींना लस टोचायला गेल्या होत्या आणि फोन गाडीतच राहिला होता. मी स्कूटर काढली. या लसीत तोच जिवाणू असतो, दुबळा केलेला पण जिवंत. सुई स्वतःला टोचली तर पुन्हा तेच रामायण. म्हणून बाई कालवडीच्या मानेवरून नजर न काढता म्हणाल्या, "थांब तिथंच." लस टोचली, सुई डब्यात टाकली, झाकण लावलं.

"सांग."

"दोघीही निर्मळ. काहीच नाही, बाई. वारेतसुद्धा नाही."

त्यांनी मान हलवली. हातमोजे काढले. मग गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, आणि तशाच राहिल्या. कालवड त्यांचा झगा चाटत होती, तेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

गोठेवाला घाबरला. "बाई, चक्कर आली का?"

"नाही रे," बाई म्हणाल्या. "नात झाली मला."

"अरे वा. कधी?"

"झाली मागेच," त्या म्हणाल्या. "पण आज झाली."

गोठेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं.  तो डोकं खाजवत पुढची कालवड सोडायला गेला.